सीझन संपला म्हणून पीएफ मोडू नका

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी 19 वर्षांपासून पगारपत्रक लिहिते. शेवटच्या गाठी बांधून झाल्या की पोट्टे टेबलाशी येतात. "ताई, पीएफ काढून द्या न, पेरणीले लागते." गरज खरी असते. तरी मी आधी पासबुक उघडून दाखवते.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 असेल, तर तुमचे 1,440 कापले जातात. तेवढेच मालक भरतो. त्यातले 1,000 पेन्शनमध्ये जातात, 440 पीएफमध्ये. 2024-25 साठी पीएफवर 8.25 टक्के व्याज मिळालं. बचत खात्यात एवढं कुठे मिळतं?

खरं नुकसान पेन्शनचं होतं. पीएफसोबत 10 सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे उचलले, की तेवढी सेवा पुसली जाते. पेन्शनला 10 वर्षं लागतात, आणि सीझनवर काम करणाऱ्याचं त्या वर्षातलं थोडंसं कामही पूर्ण वर्ष धरलं जातं. हे कोणी सांगतच नाही! म्हणून नवीन जिनिंगमध्ये लागताना जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या आणि रक्कम ट्रान्सफर करा. पाच वर्षांची सेवा व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. ट्रान्सफर केलं तर मागची वर्षंही मोजली जातात.

काढायचेच असतील तर आजारपण, लग्न, घर यासाठी ॲडव्हान्स मिळतो. खातं मोडायची गरज नाही.

आता वारसाचं नाव. आमच्या वजनकाट्यावरचा एक माणूस अचानक गेला. नॉमिनेशन लग्नाआधीचं, आईच्या नावानं. लग्न झालं की ते रद्द ठरतं, नवीन भरावं लागतं. त्यानं भरलंच नव्हतं. त्याची बायको लहान लेकराला कडेवर घेऊन वर्षभर कागद गोळा करत फिरली. पीएफ कापला जातो त्याच्या घरच्यांना 7 लाखांपर्यंत विमाही मिळतो, त्यासाठी कामगाराचा एक रुपया कापत नाहीत. तोही तिचा असाच अडकून राहिला. तेव्हापासून लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्याला मी तिथंच सांगते, अक्षता पडल्या की पहिल्या आठवड्यात ये.

येताना आधार, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि पीएफवर 'ज्ञानेश' असेल तर आधी ते दुरुस्त करू. मोबाईल घरी ठेवून येऊ नका, ओटीपी त्याच्यावरच येतो.