कुंपणापलीकडचा आवाज, अलीकडचं नुकसान: काय करायचं, कोणत्या क्रमानं

कुंपणावरून शेजाऱ्याशी वाजलं की काही जण पहिल्याच दिवशी पोलीस ठाणं गाठतात, काही वर्षभर मनात कुढत बसतात. दोन्हींत काम बिघडतं. आधी हद्द पक्की करा, मग नुकसानीचं खरं कारण शोधा, मग बोला, मग लेखी द्या. कोर्टकचेरी सगळ्यात शेवटी.

हद्द कागदावर आहे का?

गावठाणात किंवा शहरात घर असेल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा, शेतजमीन किंवा गुंठेवारीचा प्लॉट असेल तर सातबारा. पण या उताऱ्यांवर क्षेत्र कळतं, जागेवरची रेघ कळत नाही. ती हवी असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करावा लागतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. शेजारी हजर राहिला तर उत्तम, कारण त्याच्या डोळ्यांदेखत रोवलेली खूण तो सहसा नाकारत नाही. नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागते.

सांगलीत कृष्णाकाठच्या वस्त्यांमध्ये एक वेगळी भानगड असते. २०१९ सारख्या पुरानंतर गाळाखाली खुणेचे दगड गाडले जातात आणि लोक अंदाजानं पोल रोवतात. अशा ठिकाणी नवं कुंपण घालण्याआधी मोजणी हवीच.

भिंत कुणामुळे फुटली?

इथे घाई करू नका. मिरज-सांगलीच्या काळ्या जमिनीत भिंतीला तडा गेला की बोट शेजाऱ्याकडे जातं, आणि कारण निघतं मातीचं. काळी माती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात आकसते आणि मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया असेल तर भिंत दरवर्षी हलते. असा तडा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटतो.

शेजाऱ्यानं त्याच्या बाजूला दोन फूट मुरूम भरून जागा उंच केली असेल तर चित्र वेगळं दिसतं. कंपाउंडची भिंत माती अडवण्यासाठी बांधलेली नसते. भराव आणि त्यात मुरणारं पाणी तिला ढकलतं. मग खालच्या भागात आडवा तडा जातो, भिंतीला पोट सुटतं आणि ती तुमच्या बाजूला झुकते. ओळंबा सोडा, दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर वर आणि खाली मोजा. दोन्हींतला फरक महिन्यागणिक वाढत असेल तर त्या भिंतीजवळ मुलांना खेळू देऊ नका आणि इंजिनिअरला दाखवा. उपाय पलीकडेच करावा लागतो: भराव भिंतीपासून दीड-दोन फूट मागे घेणं, त्याला स्वतंत्र दगडी पिचिंग करणं, पावसाचं पाणी रस्त्याच्या गटारीकडे वळवणं. तुमच्या बाजूनं नुसता गिलावा करून काही होत नाही.

तिसरा प्रकार मुळांचा. वड, पिंपळ, उंबर भिंतीला चिकटून असेल तर झाडासमोरच एक तडा जातो, खाली रुंद आणि वर अरुंद, आणि तिथली जमीनही उचललेली दिसते.

नक्की कळत नसेल तर तड्यावर दोन-तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटनं चिकटवा आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहा. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे. दर महिन्याला मोजपट्टी टेकवून तड्याची रुंदी मोजा आणि फोटो काढा. चार महिन्यांच्या या नोंदी दहा मिनिटांच्या भांडणापेक्षा जास्त बोलतात.

पानं वाकडी झाली तर

तासगाव-मिरज पट्ट्यात शेजारी ऊस आणि इकडे द्राक्षं, गुलाब किंवा टोमॅटो असेल तर २,४-डी तणनाशकाचा संशय आधी घ्या. द्राक्षवेल या औषधाला फार हळवी. नवीन पानं अरुंद होतात, शिरा एकमेकींजवळ येऊन पंख्यासारख्या दिसतात, कडा दातेरी होतात आणि शेंडे मुरडतात. एस्टर प्रकारचं औषध उन्हात वाफेच्या रूपानंही सरकतं, त्यामुळे वारा नसतानाही फटका बसू शकतो.

खूण एकच पाहा: कुंपणालगतच्या ओळीत नुकसान सगळ्यात जास्त आणि आत जाल तसं कमी. विषाणूजन्य रोग असा उतरत्या क्रमानं सहसा पसरत नाही, तो विखुरलेला दिसतो. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकानं नवी वाढ हळूहळू पिवळी पडून खुंटते. पॅराक्वाट या तणनाशकानं एक-दोन दिवसांतच करपल्यासारखे डाग येतात.

शेजाऱ्याकडे जाण्याआधी स्वतःचा फवारणी पंपही तपासा. तण मारलेल्या पंपानंच बागेवर फवारलं की हेच होतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा, धुऊन भागत नाही. संशय पक्का असेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) बोलावून पंचनामा करून घ्या, तोही लक्षणं ताजी असतानाच. शेजाऱ्याकडे मागणी मोजकी ठेवा: सकाळी वारा शांत असताना, मोठ्या थेंबांचा नोझल आणि त्यावर हूड (थेंब उडू न देणारं झाकण) लावून फवारावं, आणि बागेलगतच्या पट्ट्यात एस्टर वापरू नये.

आवाज

बोअरची मोटर, कडबाकुट्टी आणि डॉल्बी यांना एकच औषध नाही.

मोटरीचा आवाज हवेतून जितका येतो त्यापेक्षा भिंतीतून जास्त येतो. मोटर सामाईक भिंतीला खेटून असेल किंवा पाईप भिंतीला क्लॅम्पनं आवळलेला असेल तर सगळी थरथर तुमच्या खोलीत उतरते. बेसखाली १०-१२ मि.मी. जाडीचा रबर, पाईपमध्ये फूटभर लवचीक होजचा तुकडा, आणि क्लॅम्प भिंतीऐवजी जमिनीतल्या खांबाला. खर्च किरकोळ, तो तुम्हीच देऊ करा.

मेंदी, करवंद किंवा बोगनवेल लावून आवाज अडेल असं समजू नका. कुंपण दाट दिसलं तरी पानांमधून आवाज सरळ जातो. आवाज अडायला वजन लागतं आणि सलग पृष्ठभाग लागतो. चार इंची विटांची भिंत वजनाला पुरते, पण तिच्यात फट नको आणि ती आवाजाच्या उगमाच्या जवळ किंवा तुमच्या खिडकीच्या जवळ हवी. मधोमध उभी केली तर फायदा घटतो. शिवाय तिची उंची उगम आणि कान यांच्यामधली सरळ रेघ तोडणारी हवी. इथे नियम आडवा येतो: बांधकाम नियमावलीप्रमाणे कंपाउंड साधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटर उंच बांधता येतं, आणि वरचा ०.९ मीटर भाग खुल्या जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. जाळीचा भाग आवाज अडवत नाही. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला तर या भिंतीचा काहीच उपयोग नाही.

डॉल्बीचा खालचा ठोका कोणतीही बागेची भिंत अडवत नाही, तिथे नियमच कामाला येतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सरकारनं ठराविक सणांच्या दिवशी १२ पर्यंत मुभा दिली असेल तेवढीच. मोबाईलचं मीटर ॲप कोर्टात फारसं टिकत नाही, पण कोणत्या वेळी किती आवाज चढतो हे कळायला पुरतं. चालू असताना ११२ ला फोन करा. दुसऱ्या दिवशी सांगून पोलिसांनाही फारसं काही करता येत नाही.

बोलणं

यादी घेऊन जाऊ नका, एकच गोष्ट घेऊन जा. सणाच्या दिवशी किंवा चारचौघांत नको. “अण्णा, मोटर रात्री साडेअकराला चालू होते, आमची भिंत थरथरते. खाली रबर टाकू या का? रबर मी आणतो.” एवढं पुरे. “तुम्ही नेहमीच” नं सुरू झालेलं वाक्य तिथेच मोडतं.

ठरलं तर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. सामाईक भिंतीचा खर्च वाटून घेत असाल तर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा आणि भिंत कुणाच्या हद्दीत उभी राहते तेही लिहा.

जाळी घालताना

चेनलिंकचे सिमेंट पोल ७ फुटी घ्या, अंतर ८ ते १० फूट, जमिनीत किमान २ फूट. काळ्या जमिनीत खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. तो तीन-चार फुटांतही लागला नाही तर खड्डा मोठा घ्या, तळाला सहा इंच खडी टाका, १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट भरा आणि बाजूला काळी माती परत न टाकता मुरूम ठोका. कोपऱ्याच्या पोलला टेकू न दिल्यानं जाळी ताणताना अख्खी ओळ झुकते, ही सगळ्यात नेहमीची चूक. पूररेषेतल्या जागी जाळी खालून अर्धा फूट वर ठेवा, नाहीतर वाहून आलेला कचरा अडकून ती आडवी होते. डुकरांसाठी म्हणून तारेत घरची लाईन सोडणं म्हणजे थेट माणूस मारण्याची तयारी. त्यासाठी बॅटरीवरचं झटका मशीन मिळतं.

शेळ्या-म्हशी आत शिरून नासधूस करत असतील तर कायद्यानं त्या पकडून कोंडवाड्यात पाठवता येतात. गावात कोंडवाडा चालू आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा.

शहर हद्दीत तुमच्याकडे आलेल्या फांद्या छाटायच्या असतील तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. सांगलीत महापालिका, साताऱ्यात नगरपालिका.

ऐकलंच नाही तर

साध्या भाषेत एक पत्र लिहा: तारीख, काय झालं, किती नुकसान, काय हवं, किती दिवसांत. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून पोचपावती ठेवा. गावात तंटामुक्त समिती असेल तर तिथे जा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे खटला भरण्याआधीच तडजोडीसाठी अर्ज करता येतो, पैसे लागत नाहीत.

मुद्दाम केलेली मोडतोड भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली येते. निष्काळजीपणा त्यात बसत नाही, त्यासाठी दिवाणी भरपाईचा दावा. नुकसान २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर शिक्षेची मर्यादा वाढते, म्हणून गवंड्याचं किंवा नर्सरीचं कोटेशन तक्रारीला जोडा. शेजारची भिंत किंवा झाड अंगावर पडण्याच्या बेतात असेल तर दाव्याची वाट न पाहता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज द्या. सोबत ‘क’ प्रत, तारखा असलेले फोटो, तड्याच्या नोंदी आणि पोचपावती. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या.