अफूबंदीची पडताळणी: सोलापुरात राहून हा विषय अभ्यासायचा तर

चीनमधल्या शंभर वर्षांपूर्वीच्या अफूबंदीची पडताळणी कशी झाली, हा विषय इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्या सोलापूरच्या मुलामुलींनी घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. मी प्रबंधासाठी तो घेतला तेव्हा ‘इथे बसून चीनच्या अफूवर काय लिहिणार?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. पण चीनला अफू जात होती ती भारतातूनच. माळव्याची मुंबई बंदरातून, गंगाखोऱ्यातली कोलकात्याच्या लिलावातून.

आधी करार वाचा. १९०६ मध्ये चीनच्या शाही फर्मानाने दहा वर्षांत अफू संपवायचं ठरलं. ब्रिटिशांनी १९०८पासून भारतातली निर्यात दरवर्षी ५,१०० पेट्यांनी घटवायचं कबूल केलं, मात्र पहिली तीन वर्षं अजमावणीची. चीननेही आपली लागवड त्याच प्रमाणात कमी करायची होती. ती होतेय की नाही, हे बघणार कोण? याचं उत्तर ८ मे १९११च्या करारात आहे. ब्रिटिश अधिकारी प्रांतांत हिंडून लागवड पाहतील, चीनला हवं असेल तर त्यांचा अधिकारी सोबत राहील आणि निघेल तो निष्कर्ष दोघांवर बंधनकारक. चीनचा अधिकारीही भारतात येऊन अफूचे लिलाव पाहू शकत होता, फक्त हस्तक्षेप करायचा नाही. ज्या प्रांतात लागवड संपल्याचं सिद्ध होईल तिथे भारतीय अफूही बंद. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन सरकारांनी एकमेकांना आपल्या दारात येऊन पाहू दिलं, हे मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

मग लागवड पाहणारे ब्रिटिश अधिकारी सर अलेक्झांडर होसी यांचे अहवाल घ्या. १९१०-११ मध्ये ते शान्सी, शेन्सी, कान्सू, सेच्वान, युन्नान आणि क्वेचौ या प्रांतांतून फिरले. सेच्वान त्यांनी १८८०च्या दशकातच पाहिला होता, म्हणून त्यांच्या तुलनेला वजन आहे. वाचताना नकाशा उघडा ठेवा (शान्सी आणि शेन्सी शेजारी आहेत, गल्लत होते) आणि तारखा टिपून घ्या. तलाठी ज्वारी काढून झाल्यावर पीकपाहणीला आला तर त्याला धसकटंच दिसणार, अफू जिच्यापासून निघते त्या खसखशीचंही तसंच. फुलोऱ्याच्या दिवसांत कोण कुठल्या वाटेने गेलं, हमरस्ता सोडून आडबाजूच्या खोऱ्यांत उतरलं का, यावर अहवालाचा भरवसा ठरतो.

कागदपत्रांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या उघडतं. माळव्याच्या अफूसाठी मात्र मुंबईच्या पुराभिलेखागारात जायलाच हवं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात की सकाळी मुंबईत.

आजची बाजू जोडायची असेल तर अफगाणिस्तान. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने उपग्रहचित्रांवरून काढलेली लागवड २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टर होती, तालिबानच्या बंदीनंतर २०२३ मध्ये १०,८००. त्याच पाहणीत शेतकऱ्यांचं अफूचं उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आल्याची नोंद आहे. हा दुसरा आकडा सोडू नका. चीनमध्येही १९१६नंतर लष्करी सरदारांनी महसुलासाठी पुन्हा खसखस पेरून घेतली. झाड गेलं याची पडताळणी झाली, पण त्या शेतकऱ्याने पुढच्या रब्बीला काय पेरलं आणि त्यात त्याचं भागलं का, हे अहवालांत शोधावं लागतं. एखादाच प्रांत निवडा आणि तेवढंच शोधा. प्रबंधाला ते पुरून उरेल.