शैक्षणिक कर्ज काढताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेज फी मागतं, तेव्हा घरात उसाचं बिल संपलेलं असतं आणि कारखान्याचं धुराडं पेटायला दिवाळी उजाडायची असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या घरांत मग आईचे दागिने तारण जातात, नाहीतर बचत गटाचं कर्ज निघतं. पहिली चूक इथंच होते. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो. सोनंतारणाला ही सवड मिळत नाही. म्हणून आधी बँकेत जा.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त टोचते, ती म्हणजे तोंडी नकार ऐकून परत येणं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला नर्सिंगसाठी दीड लाख हवे होते. शाखेतले साहेब म्हणाले, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" सातबारा आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही. बाप कागदांची पिशवी तशीच काखेत मारून एसटीनं घरी आला. खरं तर 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आईवडिलांपैकी कुणीतरी सहकर्जदार म्हणून सही केली की पुरतं. "तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही," हेही कारण चालत नाही. शैक्षणिक कर्जाला हद्दीचा नियम लागू नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2012 मध्येच कळवलं आहे.

तेव्हा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोहोच घ्या. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन भरला तर अर्जाची नोंद आपोआप राहते. नकार द्यायचाच असेल तर कारण लेखी मागा. कारण मिळालं नाही तर त्या बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार करा. कोल्हापूर जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय बघणारी बँक, बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या जिल्हा व्यवस्थापकांनाही भेटता येतं. त्या मुलीनं एवढंच केलं, पोहोच घेतली आणि महिन्याच्या आत कर्ज मंजूर झालं.

कागदांत अडकतं ते बहुतेक नावापाशी. दहावीच्या मार्कलिस्टवर 'गणपती', आधारवर 'गणपतराव', पासबुकात नुसतंच 'गणपत'. ही दुरुस्ती मे महिन्यातच उरकून घ्या. प्रवेशाच्या गर्दीत सेतू केंद्रात नंबर लागत नाही.

अर्जात नुसती फी लिहू नका. वसतिगृह, मेस, पुस्तकं, परीक्षा शुल्क, गणवेश हेही कर्जात बसतं. हे सोडलं की दुसऱ्या वर्षी मेसच्या पैशांसाठी पुन्हा कुणापुढं तरी हात पसरावा लागतो. वडिलांचं पीककर्ज थकलं असेल तर ते लपवू नका, बँकेला ते दिसतंच. आईला सहकर्जदार करता येईल का, ते विचारा.

आता व्याज. हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, हे कुणी नीट सांगत नाही. घरचं वार्षिक उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर द्यावा लागतो. मात्र ती सगळ्या कॉलेजांना लागू नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेज नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं मानांकन असलेलं आहे का, ते बघा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतलीत तर ही सवलत हातची जाऊ शकते, आणि "कर्ज काढून देतो" म्हणून पैसे मागणारा एजंट हे तुम्हाला कधीच सांगणार नाही.

कोर्स संपला की पोरं पुण्याला जातात, मोबाईल नंबर बदलतो आणि बँकेची पत्रं गावच्या घरात पडून राहतात. नवा नंबर शाखेत नोंदवा. नोकरी लागली नसेल तर पहिला हप्ता थकायच्या आधीच मुदतवाढीचा अर्ज द्या, आणि त्याचीही पोहोच घ्या.