डिस्क लॉक करा भो, पण ते ४८ आकडे आधी कागदावर घ्या

सावद्याच्या आप्पांचा केळीच्या हिशोबाचा लॅपटॉप बंद पडला म्हणून मी त्याची डिस्क काढली, यूएसबीवाल्या केसमध्ये टाकली आणि माझ्या लॅपटॉपला लावली, तर पाच मिनिटांत सगळं समोर, शेतकऱ्यांचे आधार, पासबुकचे फोटो, जीएसटीच्या फायली. आप्पा म्हणे, "अरे पण पासवर्ड टाकेल होता ना मी!" आता त्यांना काय सांगणार, विंडोजचा पासवर्ड म्हणजे घराला पुढून कुलूप आणि खळ्याकडचं दार सताड उघडं. भुसावळ स्टेशनला बॅग गेली तर चोर पण हेच करणार.

तर आधी बॅकअप घ्या, मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे डिस्कवरचं सगळं चावीशिवाय वाचताच येणार नाही असं करणं) चालू आहे का बघा. नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा ते आपोआप चालू झालेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. विंडोजची प्रो एडिशन असेल तर कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच डिस्क लॉक करायचं साधन, चालू करा, मध्येच लाईट गेली तरी घाबरू नका, परत चालू केल्यावर काम पुढे सुरू होतं.

रिकव्हरी की, म्हणजे लॉक अडकलं तर डिस्क उघडायची राखीव किल्ली, ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. ती मी शहाण्यासारखी पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपच्या बॅगेत! वर एकदा बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) न करता बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट मारलं, रात्री साडेअकराला निळी स्क्रीन, की मागतेय, आणि पेनड्राइव्ह मोबाईलला जोडायला मी घरभर ओटीजी केबल शोधतोय. म्हणून कागदावर लिहा, कागद लॅपटॉपपासून लांब ठेवा. आप्पांचा सातबाऱ्याच्या फाईलीत आहे.

आता खरी गोम. लॅपटॉप स्लीपमध्ये असला की डिस्क उघडणारी चावी रॅममध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, पडून असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी रॅम गार करून (गार केली की त्यातलं जास्त वेळ टिकतं) त्यातून चावी काढून दाखवली होती (आपल्या जळगावच्या मे महिन्यात रॅममधलं लवकर उडेल, पण त्या भरवशावर राहू नका). म्हणून झाकण लावलं की स्लीप नको, हायबरनेट (चालू काम डिस्कवर उतरवून बंद होणं) ठेवा नाहीतर सरळ शटडाऊन.

दुसरं म्हणजे बिटलॉकर नुसतं टीपीएम चिपवर (लॅपटॉपमधली चावी सांभाळणारी चिप) असलं की बटण दाबताच डिस्क आपोआप उघडते, कोणी काही विचारत नाही. २०२४ मध्ये एकाने रास्पबेरी पाय पिको नावाच्या स्वस्तातल्या बोर्डने, टीपीएमची चिप वेगळी असलेल्या जुन्या लॅपटॉपमधून मिनिटभराच्या आत चावी काढली. यावर उपाय पिन, लॅपटॉप चालू होतानाच टाकायचा. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या नियमांच्या सेटिंगमध्ये) 'रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप' इनेबल करायचं, मग बिटलॉकरमध्ये जाऊन पिन टाकायचा. होम एडिशनला ही सोय नाही, तिथे फुकटचं व्हेराक्रिप्ट वापरा, ते लॅपटॉप चालू होतानाच पासवर्ड मागतं, फक्त रेस्क्यू डिस्क (अडकलं तर सोडवणारी) बनवायला विसरू नका. लिनक्सवाल्यांनी इन्स्टॉल करतानाच लक्स, म्हणजे तिथलं डिस्कचं लॉक, निवडायचं, मॅकवाल्यांना त्यांचं फाईलव्हॉल्ट आहेच.

आणि हो, चालू लॅपटॉपमध्ये व्हायरस आला तर यातलं काहीच कामाचं नाही, कारण तेव्हा डिस्क उघडलेलीच असते. पेनड्राइव्हला पण वेगळं लॉक लावावं लागतं.

आप्पांना पिन विचारला तर म्हणे ट्रॅक्टरचा नंबर टाक. तो चार आकडी, विंडोजला कमीत कमी सहा लागतात, घेतलाच नाही. मग म्हणे, "दोनदा टाकू का?" आणि ट्रॅक्टर दारातच उभा.