गाठीचा तुकडा हातात घेण्याआधी

परभणीहून एम.एस्सी. करून मी छत्रपती संभाजीनगरच्या एका लॅबमध्ये लागले. काम ऑर्गनॉइडचं. पेशंटच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा बारीक करायचा, एन्झाइमने पेशी सुट्या करायच्या, जेलमध्ये त्यांचे गोळे, म्हणजेच ऑर्गनॉइड, वाढवायचे आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते बघायचं. २००९ मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या स्टेम सेलपासून असे गोळे वाढवले, तिथून ही वाट निघाली.

या कामात येणाऱ्यांनो, आधी हात बसवा. मॅट्रिजेल, म्हणजे हे गोळे ज्यात वाढतात ते जेल, बर्फावर पातळ राहतं, ३७ अंशांना घट्ट होतं. मे महिन्यात आमचा एसी बंद पडला आणि जेल माझ्या पिपेटच्या टिपमध्येच घट्ट झालं. त्यात पेशंटच्या पेशी होत्या. तो तुकडा पुन्हा मिळणार नव्हता. मी त्या दिवशी जेवले नाही. तेव्हापासून टिपा आणि ट्यूब आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवते.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कॅन्सर फार, आणि तोंडातल्या तुकड्यासोबत जंतू येतातच. माझे सुरुवातीचे नमुने दोन-तीन दिवसांत गढूळ व्हायचे. अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक घातलेल्या बफरमध्ये पुन्हा पुन्हा धुवा, कंटाळू नका. कधी गाठीऐवजी शेजारच्या निरोगी पेशीच जोमाने वाढतात, म्हणून डीएनए मूळ गाठीशी ताडून मगच सिस्प्लॅटिन, डोसेटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधांच्या चाचणीच्या प्लेटा लावा.

२०१८ मध्ये पसरलेल्या आतड्या-जठराच्या कॅन्सरवर एक अभ्यास आला. ऑर्गनॉइडवर न चाललेलं औषध त्या पेशंटांनाही चाललं नाही. ऑर्गनॉइडवर चाललेलं मात्र पेशंटमध्ये ८८ टक्के वेळाच चाललं. पेशंटही थोडेच होते. शिवाय आमच्या साध्या गोळ्यांत रक्तवाहिन्या नाहीत, प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत, त्यामुळे इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या जोरावर होणाऱ्या उपचाराबद्दल, ते काही सांगत नाहीत.

संमतीपत्र घेताना तिथे हजर राहा, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. अंबाजोगाईकडच्या एका पेशंटचा मुलगा दर आठवड्याला विचारायचा, "मॅडम, माझ्या बापाचं औषध घावलं का?" त्याने सही केली होती, पण हे संशोधन आहे हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी त्याच्याशेजारी बाकावर बसून सगळं समजावलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुकडा वाढतोय ना पण?"

वाढत होता. आता आमच्या संमतीपत्राची पहिली ओळ ठळक अक्षरांत आहे: या तपासणीवरून तुमचा उपचार बदलणार नाही.