साथीचे निर्बंध: आपल्या पत्त्याला नेमका कोणता आदेश लागू आहे, हे कसं शोधायचं

आधी घरपट्टीची पावती काढा. साथ आली की बहुतेक जण बातम्या उघडतात आणि तिथंच गोंधळ सुरू होतो. बातमीत ‘पुण्यात दुकानं चारपर्यंत’ असं छापलेलं असतं, पण पुण्यात म्हणजे कुठं? पुणे महानगरपालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट बोर्डं आणखी वेगळी, आणि बाकीच्या जिल्ह्यात नगरपरिषदा नि ग्रामपंचायती. तुमची घरपट्टी जो वसूल करतो, त्याच्या हद्दीत तुम्ही राहता. भाड्यानं राहत असाल तर मालकाकडून किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पावतीचा फोटो मागवून घ्या.

पिनकोडवर विसंबू नका, पोलीस ठाण्यावरही नको. हिंजवडीचंच बघा. पत्त्यात ‘पुणे ४११०५७’, पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचं, पण गाव मुळशी तालुक्यातलं आणि कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे तिथल्या दुकानदारानं बघायचा तो जिल्हाधिकाऱ्यांचा ग्रामीण भागासाठीचा आदेश. पुणे मनपा आयुक्तांचा नाही नि पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तांचाही नाही. दुकान बंद करायला येणारे पोलीस मात्र पिंपरी-चिंचवडचे. दोन चौकांच्या अंतरावर वेळा बदलायच्या त्या यामुळे.

हद्द कळली की ती कोणत्या ‘प्रशासकीय घटका’त मोडते ते बघायचं. ज्याचे आकडे स्वतंत्र मोजून निर्बंध ठरतात असा भाग म्हणजे घटक. हा शब्द राज्याच्या ४ जून २०२१ च्या, कोरोनाकाळातल्या ‘ब्रेक द चेन’ आदेशातला, आणि अशा आदेशात सगळ्यात आधी शोधावा असा. त्या आदेशात मुंबई शहर आणि उपनगर मिळून एक घटक होता. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, औरंगाबाद, नागपूर या महापालिका स्वतंत्र घटक होत्या, आणि ज्या त्या जिल्ह्याचा उरलेला भाग हा आणखी एक. कोल्हापूर किंवा सोलापूर मनपा या यादीत नव्हती, त्यामुळे त्या आदेशानुसार तिथं शहर आणि जिल्हा एकाच मापात धरले होते. ‘आमच्याकडे महापालिका आहे म्हणजे आमचा आकडा वेगळा’ हे गृहीत धरलेल्यांची चूक इथंच व्हायची.

घटकाच्या निर्बंधांचा स्तर ठरायचा दोन आकड्यांवर: चाचण्यांतला बाधितांचा दर आणि ऑक्सिजन खाटा किती टक्के भरल्या आहेत. पाच स्तर होते, पहिला सगळ्यात सैल नि पाचवा सगळ्यात कडक. पहिल्यासाठी दर ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या. दुसऱ्यासाठी दर तोच, पण खाटा २५ ते ४० टक्के. तिसऱ्यासाठी दर ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांहून जास्त. चौथ्यासाठी दर १० ते २० किंवा खाटा ६० च्या वर, आणि पाचव्यासाठी दर २० च्या वर किंवा खाटा ७५ च्या वर. यातले ‘आणि’ नि ‘किंवा’ बोट ठेवून वाचायचे. समजा, एखाद्या घटकात दर ४ टक्के आहे आणि खाटा ४५ टक्के भरल्यात. नुसता दर बघणारा म्हणेल, पहिला स्तर. प्रत्यक्षात तो तिसरा, कारण तिथं ‘किंवा’ आहे. तिसरा म्हणजे दुकानं दुपारी ४ पर्यंत, ५ नंतर संचारबंदी आणि लग्नाला ५० माणसं.

आकडे दर गुरुवारी जाहीर व्हायचे आणि स्तर लागू व्हायचा पुढच्या सोमवारपासून. या मधल्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त भांडणं. शुक्रवारी पेपरात स्तर उतरल्याचं वाचून शनिवारी शटर वर करणाऱ्याला दंड बसायचा, कारण रविवारच्या रात्रीपर्यंत अंमल जुन्याच स्तराचा. म्हणून कुठलाही आदेश हाती आला की त्यावरच्या दोन तारखा वेगवेगळ्या शोधा: काढल्याची आणि अंमलाची. पहिली वर उजव्या कोपऱ्यात असते. दुसरी बहुतेक वेळा मजकुरात कुठं तरी दडलेली असते.

आता शेवटचा आदेश शोधणं. यात खरी मेहनत आहे. क्रमांकावरून शोधू नका. राज्याचे ‘ब्रेक द चेन’चे आदेश एकापाठोपाठ एक ‘डीएमयू/२०२०/सीआर.९२/डिसएम-१’ याच क्रमांकानं निघाले, कारण तो फाईलचा क्रमांक आहे, आदेशाचा नव्हे. ओळख पटते ती तारखेनं. ४ जूननंतर २५ जून २०२१ ला नवा आदेश आला. त्यानं दर मोजताना फक्त आरटीपीसीआर चाचण्या धरायला सांगितलं आणि आकडे कितीही चांगले असले तरी तिसऱ्या स्तराच्या खाली कुणाला उतरता येणार नाही असं ठरवलं. ज्यांच्याकडे ४ जूनची पीडीएफ जपून ठेवलेली होती, त्यांचं सगळं गणित त्या दिवशी मोडलं. २ ऑगस्टच्या आदेशानं पुन्हा चित्र बदललं: ११ जिल्हे तिसऱ्या स्तरावरच राहिले, आणि मुंबई-ठाण्याचा निर्णय तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांवर सोपवला गेला.

त्यामुळे क्रम असा ठेवा. राज्याचा शेवटचा आदेश मिळवा, तो मुख्य सचिवांच्या सहीचा असतो. मग जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ‘सूचना’ किंवा ‘आदेश’ या भागात जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि महापालिका हद्दीत राहत असाल तर मनपाच्या संकेतस्थळावर आयुक्तांचा. राज्याच्या आदेशानंतर खालचा आदेश निघालेला नसेल तर एक दिवस थांबून पुन्हा बघा. खालचा अधिकारी सहसा निर्बंध वाढवतो. राज्यानं घातलेला निर्बंध त्याला आपल्या मर्जीनं सैल करता येत नाही. खालचा आदेश जास्त सवलत देतोय असं दिसलं, तर बहुधा तुम्ही राज्याचा जुना आदेश वाचताय.

एकपानी मुदतवाढीपासून सावध. ‘दि. अमुकच्या आदेशातील निर्बंध पुढील आदेशापर्यंत कायम राहतील’ एवढंच त्यात असतं. नियम त्यात नसतात, ते मागच्या आदेशात असतात, आणि तो आदेश कधी कधी त्याच्याही मागच्याकडे बोट दाखवतो. ‘वाचले’ या शीर्षकाखालची यादी त्यासाठीच असते. ती खालून वर तपासत जा. ‘पुढील आदेशापर्यंत’ असं असेल तर मुदत संपायची तारीखच नाही, महिना उलटला म्हणून नियम गेला असं होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश खरा की खोटा, यापेक्षा तो कधीचा हा प्रश्न जास्त उपयोगाचा. बनावट कागद क्वचित असतात. खरा पण जुना कागद, तारखेची ओळ कापून, पुन्हा फिरवलेला असतो. तपासायची एक सोपी खूण आहे. जमावबंदी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली लावली असेल तर तो आदेश १ जुलै २०२४ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच अधिकार आता कलम १६३ मध्ये आहेत. शिक्षेच्या कलमाचंही तसंच: जुन्या आदेशांत भारतीय दंड संहितेचं १८८, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ यांचे उल्लेख मात्र दोन्हीकडे सापडतील, त्यावरून काळ ठरवू नका.

एवढं सगळं जुळलं तरी तुमच्या इमारतीचं वेगळं असू शकतं. प्रतिबंधित क्षेत्र, म्हणजे बाधित सापडल्यामुळे ये-जा रोखलेला भाग, हे शहराच्या स्तराशी बांधलेलं नसतं. एप्रिल २०२१ च्या राज्य आदेशात पाचपेक्षा जास्त बाधित असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र धरली जायची, दारावर फलक लावणं सक्तीचं होतं आणि न पाळल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड सोसायटीला व्हायचा. अशा याद्या वॉर्ड ऑफिसात किंवा क्षेत्रीय कार्यालयात असतात. संकेतस्थळावरची यादी अनेकदा दोन-तीन दिवस मागं असते, म्हणून इथं फोनच करावा. उलट, सोसायटीच्या कमिटीनं लिफ्टमध्ये चिकटवलेली सूचना हा सरकारी आदेश नव्हे. मोलकरीण, पेपरवाला यांना बंदी कशाच्या आधारे, असं विचारलं की आदेशाचा क्रमांक आणि तारीख दाखवायची जबाबदारी कमिटीची.

फोनसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, मुंबईत महापालिकेचा १९१६. ‘लॉकडाऊन आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर गोल मिळतं. ‘अमुक ग्रामपंचायत हद्द, कापडाचं दुकान, शनिवारी किती वाजेपर्यंत, आणि कुठल्या तारखेच्या आदेशानुसार?’ असं विचारा. तारीख सांगता आली नाही तर उत्तर वहीत लिहा, पण त्यावर दुकान उघडू नका.

प्रवासाला निघताना मुक्कामाच्या ठिकाणचे नियम लागू होतात, घरचे नव्हेत. बेळगावला जाणाऱ्या कोल्हापूरकराला २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर कर्नाटकचा आदेश आडवा आला, ७२ तासांच्या आतल्या आरटीपीसीआर अहवालाचा. महाराष्ट्राचा कितीही सैल आदेश दाखवून उपयोग नव्हता. गोव्यात २०२१ मध्ये उत्तर आणि दक्षिण अशा दोन जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश वेगळे निघायचे, मजकूर सारखा असला तरी. म्हापशाला उतरणाऱ्यानं उत्तर गोव्याचा, मडगावला उतरणाऱ्यानं दक्षिण गोव्याचा बघावा. अहवालाचे तास नमुना घेतल्यापासून मोजायचे की अहवाल आल्यापासून, हे त्या आदेशातच लिहिलेलं असतं. ती ओळ गाडीत बसायच्या आधी वाचा आणि आदेशाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, नाक्यावर रेंज मिळेलच असं नाही.