मुरूम काढलेली जमीन आणि तोंडावर आलेला पाऊस: वरची माती आधी सांभाळा

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. ज्या शेतकऱ्यांनी रस्त्याच्या भरावासाठी किंवा घरबांधणीसाठी आपल्या माळातून मुरूम उचलू दिला आहे, त्यांनी बाकीची कामे बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट पाहावी: खोदताना निघालेली वरची अर्धा-एक फूट माती आज कोठे आहे? पठारावरील हलक्या जमिनीत सेंद्रिय कर्ब, जिवाणू आणि ओल धरण्याची ताकद बहुतांशी याच थरात असते. खालचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट खडक असून त्यात नत्र आणि सेंद्रिय कर्ब नाममात्रच असतो.

नुकसान प्रत्येक ठिकाणी जवळपास सारख्याच रीतीने होते. जेसीबी पहिल्या दिवशी वरची माती ओढून ओढ्याच्या काठाला लोटतो, दुसऱ्या दिवसापासून त्याच ढिगावर मुरमाचा टाकाऊ भाग पडू लागतो, टिपर त्यावरून फिरतात आणि पहिल्या जोरदार सरीत जे काही सुटे उरले असेल ते गढूळ पाण्याबरोबर ओढ्याला जाते. दहा गुंठ्यांवरची अर्धा फूट माती म्हणजे सुमारे 54 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ती पुन्हा विकत आणायची म्हटल्यास मुरमाच्या मोबदल्यातून हाती आलेले पैसे वाहतुकीलाही पुरत नाहीत, हे अनेकांना दुसऱ्या वर्षी कळते.

म्हणून ढीग अजून शाबूत असेल तर तो पाण्याच्या वाटेवरून आजच हलवावा, त्याची उंची पाच-सहा फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, वरच्या अंगाला चर काढून येणारे पाणी वळवावे आणि पहिल्या पावसाबरोबर त्यावर ताग किंवा धैंचा फेकावा. मातीत मुरूम मिसळला असेल तर मोठे दगड वेचून घ्यावेत, पण चाळणीचा खर्च करू नये.

खड्ड्याचे उतार तयार नसतील आणि पाऊस पंधरा दिवसांच्या आत असेल, तर घाईने माती पसरू नये. उघड्या उतारावर पसरलेली माती ढिगातल्या मातीपेक्षा लवकर वाहून जाते. अशा वेळी ढीग हिरवा ठेवून पसरण्याचे काम दिवाळीनंतर करावे, हे माझे ठाम मत आहे. वेळ असेल तर क्रम असा ठेवावा:

- उभ्या कडा तोडून 1 फूट उंचीला 2 ते 3 फूट आडवा उतार
- तळाचा घट्ट थर जेसीबीच्या दात्यांनी दीड फूट उकरणे
- खाली दगड, त्यावर टाकाऊ मुरूम, सर्वांत वर माती
- उताराला आडवे बांध, बांधावर वाळा किंवा गिरिपुष्प
- जादा पाण्यासाठी दगडी सांडवा
- वापसा (पेरणीजोगी ओल) येताच ताग, एकरी 20 ते 25 किलो बियाणे. फुलोऱ्याच्या सुमारास गाडणे

तळ उकरणे टाळल्यास वर पसरलेली माती कडक थरावर तरंगत राहते, पाणी मुरत नाही आणि पिकाची मुळे कुजतात. माती अगदीच गेली असेल, तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतील तलावाच्या गाळाची ग्रामपंचायतीत चौकशी करावी. मात्र गाळाचीही तपासणी करून घ्यावी, कारण काही तलावांचा गाळ चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेला, असतो.

पावसाळ्यात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावरून फेरी मारावी. उतारावर ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांवर मातीच्या पातळीची रंगाने खूण करून ठेवावी. खुणेखाली खुंटी बोटभर उघडी पडली, तर तेथून माती सरकू लागली आहे. काठाला समांतर भेग दिसल्यास तेथे गुरे व मुले जाऊ देऊ नयेत. माझा एक अंदाज असा की ढिगावर टाकळा आणि केना आपोआप उगवले तर माती जिवंत आहे. नुसतेच कुसळी गवत आले तर शेणखत वाढवावे.

दुकानदार या जमिनींसाठी ह्युमिक दाणे आणि ‘भूसुधारक’ पिशव्या आग्रहाने देतात. माती शिल्लक नसताना त्यांचा उपयोग नाही, आणि माती शिल्लक असेल तर शेणखत व ताग पुरतो. आधी माती परीक्षण करावे. त्यात मुक्त चुना जास्त आणि लोह कमी निघाले, तरच हेक्टरी 20 ते 25 किलो फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे. पहिली दोन वर्षे हुलगा, मटकी किंवा चारा घ्यावा. कायमची लागवड करायची असेल, तर 5 बाय 5 मीटरवर सीताफळ लावावे. पुणे जिल्ह्यातील पुरंदरच्या हलक्या मुरमाड जमिनींत ते चांगले येते. त्याच्या खड्ड्यातही राखून ठेवलेली वरची मातीच भरावी.

पुढच्या वेळी मुरूम देताना तहसील कार्यालयाच्या परवान्याची प्रत पाहून लेखी करार करावा. वरची माती वेगळी काढून शेतकरी दाखवील त्या जागी रचणे ही त्यातली पहिली अट असावी आणि कडांचे उतार पूर्ण होईपर्यंत शेवटचा हप्ता बाकी आहे असे समजून हिशेब पूर्ण झाल्याची पावती देऊ नये.